विंडोज ११वर गेल्यापासून कॉम्प्युटर सारखा क्रॅश होतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्याच्या आगेमागे पुण्यातल्या घराघरांत, पेठांमधल्या डीटीपी केंद्रांत आणि सीएंच्या ऑफिसांत विंडोज ११ आलं. तेव्हापासून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी एक कळकळीची विनंती: फॉरमॅट मारायची घाई करू नका. ड्रायव्हरमुळे (विंडोज आणि एखादं उपकरण यांच्यात दुवा साधणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमुळे) होणारे क्रॅश फॉरमॅटशिवाय सुटतात आणि हार्डवेअरमुळे होणारे फॉरमॅटनंतरही तसेच राहतात. दोन्हीकडे कारण शोधावंच लागतं, आणि फॉरमॅट केलं की कारण सांगणाऱ्या नोंदी पुसल्या जातात.

कमांड आणि मेन्यूंची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कमांड टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

१. अपग्रेडच्या आदल्या दिवसापर्यंत मशिन व्यवस्थित चालत होतं. मग एका रात्रीत काय बिघडलं?

बहुतेक वेळा नव्या विंडोजशी जुने ड्रायव्हर जुळत नाहीत, एवढंच झालेलं असतं. अपग्रेडमध्ये विंडोजचा गाभा नवा येतो, पण ग्राफिक्स, वायफाय, साउंड, प्रिंटर यांचे ड्रायव्हर पुष्कळदा जुनेच पुढे ओढले जातात. यातले बरेचसे ड्रायव्हर गाभ्याच्या आत चालतात. तिथे एखाद्याने चुकीच्या मेमरीला हात लावला, तर विंडोज स्वतःहून सगळं काम थांबवते.

दुसरं कारण विंडोज ११मधली कडक झालेली सुरक्षा. त्याबद्दल प्रश्न १४ पाहा. तिसरं कारण आधीपासूनच कुरबुरणारं हार्डवेअर. अपग्रेडमध्ये डिस्कवर तासभर किंवा जास्त सलग लिहिलं जातं, नंतरचे दोन-तीन दिवस अपडेट आणि फाइलींची सूची बनवणं मागे चालू असतं. एरवी फक्त मेल आणि यूट्यूब बघणाऱ्या मशिनवर एवढा ताण कधी आलेलाच नसतो, त्यामुळे दबलेला दोष नेमका आत्ता वर येतो.

२. माझ्याकडे निळा पडदा येत नाही, मशिन नुसतंच बंद पडतं. हाही क्रॅशच का?

हो, पण जात वेगळी, आणि जात ओळखली की अर्धं काम होतं. पडद्यावर मजकूर येऊन मशिन रीस्टार्ट होत असेल, तर विंडोजने स्वतः थांबायचं ठरवलेलं असतं आणि तिने कारणही लिहून ठेवलेलं असतं (प्रश्न ४ आणि ५). हा पडदा आता काळाही असू शकतो: २०२५च्या उन्हाळ्यापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत निळ्याऐवजी काळा पडदा आणला. काळा दिसला म्हणून मॉनिटर दुरुस्तीला नेऊ नका.

काहीही न दिसता झटक्यात बंद होत असेल, तर संशय वीजपुरवठा किंवा तापमानावर घ्या (प्रश्न ११). माउससकट सगळं गोठून राहत असेल, तर आधी डिस्क तपासा (प्रश्न १०), मग ग्राफिक्स. आणि फक्त एक प्रोग्रॅम बंद होऊन बाकी सगळं चालू राहत असेल, तर त्या प्रोग्रॅमची विंडोज ११वर चालणारी आवृत्ती टाका. त्यासाठी पुढचं काही करायची गरज नाही.

३. मला परत विंडोज १०वर जायचंय. जाता येईल का?

अपग्रेडला १० दिवस झाले नसतील तर येईल. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे 'गो बॅक'. तुमच्या फाइली राहतात, पण अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि बदललेली सेटिंग्ज जातात. तरीही आधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याच.

ही सोय सी ड्राइव्हवरच्या 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरवर अवलंबून असते. जागा मोकळी करायच्या नादात डिस्क क्लीनअपमधून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' पुसलंत, तर दुसऱ्या दिवशीसुद्धा परतीचा रस्ता नाही. मुदत वाढवता येते, मात्र ती संपण्याआधीच. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'डिस्म /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०' ही कमांड द्या. ६० दिवस मिळतात. क्रॅश सुरू झाले की सगळ्यात आधी हे करून ठेवावं आणि मग निवांत तपासाला लागावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

परत गेल्यावर विंडोज १०ला सुरक्षा अपडेट हवेत, तर वाढीव सपोर्टची नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये करा. घरगुती वापरासाठी तो १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे आणि त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती लागते.

४. क्रॅश का झाला हे लिहिलेलं कुठे सापडतं?

तीन ठिकाणी. सोप्यापासून सुरुवात करा.

पहिलं, रिलायबिलिटी मॉनिटर. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'परफमॉन /रेल' टाइप करा. दिवसांचे उभे रकाने दिसतील. लाल फुली म्हणजे बिघाड, निळं चिन्ह म्हणजे त्या दिवशी काहीतरी टाकलं गेलं. पहिली लाल फुली ज्या दिवशी आहे, त्याच्या आदल्या दोन दिवसांतली निळी चिन्हं वाचा. गुन्हेगार पुष्कळदा तिथेच सापडतो, आणि तो अपग्रेडच असेल असं नाही. त्याच्या मागोमाग आलेला एखादा प्रिंटरचा ड्रायव्हरही असतो.

दुसरं, इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. क्रॅशच्या वेळेजवळ 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसेल. ती पाहून अनेकजण लगेच पॉवर सप्लाय बदलतात. थांबा. या नोंदीचा अर्थ फक्त 'मशिन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं' एवढाच आहे. तिच्यावर क्लिक करा, खाली 'डिटेल्स' टॅब उघडा आणि 'बगचेककोड'पुढचा आकडा पाहा. तिथे ० असेल, तर विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही: वीज, उष्णता किंवा कोणीतरी बटण दाबून धरलं. ० सोडून काही असेल, तर पडदा येऊन गेलेला आहे. हा आकडा दशमान पद्धतीत असतो. २९२ दिसला तर तो प्रश्न ५मधला हार्डवेअरचा कोड, २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट.

तिसरं, सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधलं 'मिनीडम्प'. प्रत्येक क्रॅशची एक छोटी फाइल तिथे तारखेसकट असते. मायक्रोसॉफ्टचं मोफत विनडीबीजी टाकून ती उघडा आणि 'उद्गारचिन्ह ॲनलाइझ, स्पेस, वजा व्ही' ही कमांड द्या. 'मॉड्यूल नेम'पुढे ड्रायव्हरचं नाव येतं. एकाच फाइलवर निकाल देऊ नका. तीन-चार फाइलींत तेच नाव आलं तर तो ड्रायव्हर, प्रत्येक वेळी वेगळं आलं तर रॅम.

मिनीडम्प रिकामं असेल, तर विंडोज-आरमध्ये 'सिसडीएम डॉट सीपीएल' टाका. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'ची सेटिंग्ज उघडा, 'स्मॉल मेमरी डम्प' निवडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. मग पडदा वाचायला वेळ मिळतो. कुणी 'स्पीड वाढवायला' पेज फाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) बंद केली असेल, तर ती पुन्हा चालू करा. तिच्याशिवाय डम्प लिहिला जात नाही.

५. पडद्यावरच्या कोडचा अर्थ काय?

कोड रोगाचं नाव सांगत नाही, कुठल्या भागात बघायचं ते सांगतो. नेहमी विचारले जाणारे हे:

'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल': ड्रायव्हर, त्यातही वायफाय किंवा लॅनचा आधी बघा. खाली 'व्हॉट फेल्ड' म्हणून फाइलचं नाव येतं, ते जसंच्या तसं लिहून घ्या.

'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर': ग्राफिक्स कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही. ड्रायव्हर, नाहीतर तापलेलं कार्ड.

'डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन': कुठलातरी ड्रायव्हर प्रमाणाबाहेर अडून बसला. एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलंच सॉफ्टवेअर) आणि स्टोरेज ड्रायव्हर आधी तपासा.

'मेमरी मॅनेजमेंट' आणि 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया': रॅम तपासा (प्रश्न ९), मग ड्रायव्हर.

'व्हीया अनकरेक्टेबल एरर': प्रोसेसरने स्वतः हार्डवेअरची चूक नोंदवली. ओव्हरक्लॉक (प्रोसेसर नेमलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं), उष्णता, व्होल्टेज, बायॉस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) बघा. विंडोज पुन्हा टाकून हा क्वचितच जातो.

'क्रिटिकल प्रोसेस डाइड': विंडोजच्या फाइली बिघडल्या किंवा डिस्क मधूनच नाहीशी होतेय. प्रश्न ८ आणि १०.

'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस': प्रश्न ७.

६. ड्रायव्हर कुठून आणि कोणत्या क्रमाने टाकायचे?

लॅपटॉप असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, खालच्या स्टिकरवरचा सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर टाकून. असेंबल केलेलं मशिन असेल तर मदरबोर्डच्या मॉडेलनुसार. नाव बोर्डवरच छापलेलं असतं, किंवा विंडोज-आरमध्ये 'एमएसइन्फो३२' टाकलं की दिसतं.

क्रम असा ठेवा: बायॉस, चिपसेट, स्टोरेज, ग्राफिक्स, लॅन-वायफाय, शेवटी साउंड. प्रत्येकानंतर रीस्टार्ट करा आणि निदान अर्धा दिवस वापरून बघा. एकदम सहा ड्रायव्हर बदलले आणि क्रॅश थांबले, तर कशाने थांबले ते कळत नाही. पुढच्या अपडेटनंतर तोच ड्रायव्हर परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बायॉस अपडेटआधी बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) तात्पुरता थांबवा, नाहीतर पुढच्या वेळी मशिन रिकव्हरी की मागेल. लॅपटॉप चार्जरला आणि डेस्कटॉप यूपीएसवर हवाच. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून वीज वरचेवर जाते-येते त्या दिवशी या कामाला हात घालू नका.

नवा ड्रायव्हर टाकल्यावरच क्रॅश सुरू झाले असतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाची प्रॉपर्टीज उघडून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मात्र सेफ मोडमध्ये (इथे विंडोज फक्त गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन चालते; प्रश्न ७) जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने मुळापासून काढावा आणि मग नवा टाकावा. जुन्यावर नवा चढवला की अवशेष राहतात. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारे प्रोग्रॅम वापरूच नका. जवळपासच्या मॉडेलचा ड्रायव्हर टाकून ते नवं दुखणं लावतात.

एक खास अपवाद. इंटेलच्या ११व्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिस्टिम डिव्हाइसेस'खाली इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर पाहा. १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या आवृत्त्या विंडोज ११वर निळा पडदा आणतात. शेवटचा आकडा ५७१४ किंवा पुढचा हवा. मधला २९ आहे की ३०, याने फरक पडत नाही.

७. विंडोज उघडतच नाही. लोगो येतो, गोल फिरतं आणि पुन्हा पहिल्यापासून. आता?

लोगो दिसला की पॉवर बटण दाबून धरून मशिन बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी रिकव्हरीचा पडदा आपोआप येतो. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी 'स्टार्टअप रिपेअर', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'सिस्टिम रिस्टोअर'. तरीही नाही, तर 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून रीस्टार्ट करून ४ दाबा, म्हणजे सेफ मोड. इंटरनेट हवं असेल तर ५. सेफ मोडमध्ये मशिन तासभर शांत चाललं, तर बाहेरचा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम दोषी. तिथेही कोसळलं, तर हार्डवेअर बघा.

इथे बिटलॉकरची की मागितली जाऊ शकते. ती ४८ अंकी असते आणि घरगुती मशिनची की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते; फोनवरून लॉगिन करून पाहता येते. ही की विंडोजच्या पासवर्डपेक्षा वेगळी असते, आणि कुठल्याही दुकानदाराला ती 'तोडून' देता येत नाही. मशिन धड असतानाच कागदावर उतरवून ठेवा.

'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येत असेल, तर बायॉसमध्ये स्टोरेजचा मोड बदललाय का पाहा. विंडोज व्हीएमडी किंवा रेड मोडवर टाकलेली असताना बायॉस अपडेटने तो एएचसीआय केला (किंवा उलट), तर तिला स्वतःची डिस्कच दिसत नाही. मोड पूर्ववत केला की पाच मिनिटांत मशिन उभं राहतं. जुन्या डेस्कटॉपवर हेच सीआर२०३२ सेल संपल्यामुळे होतं: रात्री मेन स्विच बंद केला की बायॉसची सेटिंग्ज मूळपदावर जातात. घड्याळ मागे पडत असेल तर आधी तो सेल बदला.

८. एसएफसी आणि डिस्म नेमकं कधी चालवायचं?

विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्याचा संशय असेल तेव्हा. आधी 'डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ', मग 'एसएफसी /स्कॅननाऊ'. क्रम हाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेतं तो साठा डिस्म दुरुस्त करतं. डिस्म ६२ टक्क्यांच्या आसपास बराच वेळ अडकल्यासारखं दिसलं तरी बंद करू नका. ड्रायव्हर किंवा रॅमचा दोष यातून जात नाही.

९. रॅम खराब आहे हे घरी कसं ओळखायचं?

विंडोज-आरमध्ये 'एमडीशेड' टाका आणि रीस्टार्ट करा. तपासणी सुरू झाल्यावर एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा; नेहमीची छोटी तपासणी पुष्कळ दोष सोडून देते. एक्स्टेंडेडला कित्येक तास लागतात, रात्री लावून ठेवा. त्याहून भरवशाचं हवं असेल, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६च्या चार फेऱ्या. एकही चूक आली तरी ती रॅम नापास. 'दोनच तर चुका आहेत' हा हिशेब इथे चालत नाही.

चूक आली म्हणून लगेच नवी घेऊ नका. मशिन बंद करा, केबल काढा, पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. मग रॅमची पट्टी काढा. पावसाळ्यानंतर पुण्यातल्या तळमजल्यावरच्या मशिनमध्ये तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने एकाच दिशेने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या आणि दोन्ही बाजूंची खटकी बसेपर्यंत दाबून परत लावा. बऱ्याच दुकानांत यासाठी खोडरबर वापरतात. त्यानेही काम होतं, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा वेगाच्या पट्ट्या एकत्र असतील, तर बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवायची सेटिंग) बंद करून बघा. ३२००ची रॅम २६६६ किंवा २४००वर चालेल, वेगातला फरक रोजच्या कामात जाणवणार नाही आणि क्रॅश थांबले तर कारणही हाती येईल.

१०. एसएसडी नवीन आहे, तरी मशिन गोठतं. डिस्क खराब असू शकते का?

असू शकते, किंवा तिचं फर्मवेअर जुनं असेल. २०२४मध्ये २४एच२ आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या मालिकांतल्या २ टीबी डिस्कवर हेच झालं. या डिस्क स्वतःच्या कामासाठी कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेतात. आधीच्या विंडोजमध्ये ती ६४ एमबी मिळायची, २४एच२ने २०० एमबीपर्यंत देऊ केली आणि निळे पडदे येऊ लागले. कंपनीच्या फर्मवेअर अपडेटने ते थांबले. डिस्क धडधाकट होती, बदलायची गरज नव्हती.

म्हणून आधी डिस्कच्या कंपनीचा प्रोग्रॅम टाकून फर्मवेअर बघा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३, किंवा स्टोरेज ड्रायव्हरच्या नावाने १२९ अशा नोंदी क्रॅशच्या आधी दिसत असतील, तर डिस्क, साटा केबल किंवा पॉवरची जोडणी दोषी. साटा केबल स्वस्तात मिळते, ती आधी बदला. सी ड्राइव्हवर निदान २० जीबी जागा मोकळी ठेवा.

११. इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदीत बगचेककोड ० आहे (प्रश्न ४). वीज की उष्णता, कसं ठरवायचं?

वेळ आणि काम यांची सांगड घाला. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर उष्णता. फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना, किंवा गुरुवारच्या देखभालीनंतर वीज परत येताना बंद पडत असेल तर वीजपुरवठा.

उष्णतेसाठी एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा. कामाखाली ८०-८५ अंश चालतात. ९५च्या वर राहत असेल तर सफाई हवी. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हिवाळ्यात काठावर असलेलं मशिन काठ ओलांडतं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा फिरला तर बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट बदलताना जुनी पूर्ण पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी पुरते.

विजेसाठी मशिन यूपीएस काढून दोन दिवस थेट सॉकेटवर चालवा. क्रॅश थांबले तर यूपीएसची बॅटरी संपलीय. नाहीतर दुसरा एसएमपीएस (मशिनमधला पॉवर सप्लाय) लावून बघा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशिनवर बिननावाचा 'पाचशे वॅट' एसएमपीएस लावू नका. त्या लेबलवर भरवसा ठेवता येत नाही.

१२. आमचं डीटीपी सेंटर आहे. श्रीलिपीची जुनी आवृत्ती डोंगलवर चालते. अपग्रेडनंतर डोंगल लावला की मशिन बंद. काय करायचं?

डोंगलचा (परवाना तपासायला पोर्टला लावतात त्या उपकरणाचा) ड्रायव्हर गाभ्यात चालतो, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर विंडोज ११च्या मेमरी इंटिग्रिटीशी (गाभ्यात येणारे ड्रायव्हर तपासणारी सुरक्षा, प्रश्न १४) भांडतो. डोंगल काढून मशिन सुरू करा. 'ॲप्स'मधून जुना डोंगल ड्रायव्हर काढा आणि रीस्टार्ट करा. डोंगलवर छापलेलं नाव बघून त्याच कंपनीचा नवा रनटाइम (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या. हास्प किंवा सेंटिनेल असेल तर तो आता थेल्सकडून मिळतो. टाकताना डोंगल लावलेला नको, पुढच्या रीस्टार्टनंतर लावा. प्रिंटर पोर्टवरचा जुना डोंगल असेल, तर पर्यायासाठी सॉफ्टवेअर कंपनीशीच बोला. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्यातच आहे.

हे होईपर्यंत काम अडू नये म्हणून एक मशिन विंडोज १०वर, इंटरनेटपासून तोडून, फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवणं हा समंजस मार्ग आहे. नवं काम मात्र युनिकोडमध्ये सुरू करा.

फक्त मराठी टाइप करताना प्रोग्रॅम बंद पडत असेल, तर जुनं कीबोर्ड सॉफ्टवेअर (सी-डॅकच्या आयएसएमची जुनी आवृत्ती वगैरे) बंद करून बघा. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मधून मराठी भाषा जोडली की विंडोजचा स्वतःचा मराठी कीबोर्ड मिळतो, फोनेटिकसुद्धा. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलते.

१३. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावलं की ब्राउझर किंवा मशिन अडकतं. जीएसटी भरायचा आहे, काय करू?

सीएंच्या ऑफिसात एकाच मशिनवर तीन-चार कंपन्यांच्या टोकनची सॉफ्टवेअर असतात आणि ती एकमेकांच्या पायात येतात. सगळी काढा, रीस्टार्ट करा, मग वापरात असलेलं एकच ताजं टाका आणि तपासा. दुसरं त्यानंतर. पोर्टलची साइनिंग युटिलिटीही नवी घ्या. टोकन मागच्या यूएसबी पोर्टला थेट लावा, हबवर नको. आणि भरण्याची शेवटची तारीख तोंडावर असेल, तर आज दुसऱ्या मशिनवरून भरा आणि दुरुस्ती उद्या करा.

१४. मेमरी इंटिग्रिटी बंद केली की क्रॅश थांबतात असं ऐकलं. करू का?

निदानासाठी करा, कायमची नको. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन डिटेल्स. बंद करून एक-दोन दिवस बघा. क्रॅश थांबले, तर याचा अर्थ एक जुना ड्रायव्हर या तपासणीत अडकतोय, एवढाच. तो शोधून बदला (प्रश्न ६ आणि १२) आणि सुरक्षा पुन्हा चालू करा. चालू करताना 'इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्स'ची यादी येते, तिच्यात नावं मिळतात.

१५. अँटिव्हायरसमुळे क्रॅश होऊ शकतो?

होय, कारण अँटिव्हायरसचा काही भाग गाभ्यातच चालतो. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन बंद पडली, ती याच कारणाने. तुमचा अँटिव्हायरस ज्या कंपनीचा आहे, तिच्याच रिमूव्हल टूलने काढा. नुसतं अनइन्स्टॉल केलं की ड्रायव्हर मागे राहतो. काढल्यावर विंडोज डिफेंडर आपोआप चालू होतो, त्यामुळे तपासाच्या काळात मशिन उघडं पडत नाही. दोन अँटिव्हायरस एकत्र कधीच ठेवू नका.

१६. काम करताना काही होत नाही, पण लॅपटॉप स्लीपमधून उठवला की काळा पडदा. का?

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि चित्र परत आलं तर दोष तिथेच. इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये दोन्हींचे ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीचेच टाका. नंतर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' केल्यावर गाभा झोपवून ठेवला जातो, पूर्ण बंद होत नाही, आणि बिघडलेली अवस्था दुसऱ्या दिवशी तशीच उठते. 'रीस्टार्ट'नंतर मशिन ठीक आणि 'शट डाउन'नंतर बिघडलेलं, अशी तक्रार असेल तर उत्तर हेच.

१७. माझा प्रोसेसर इंटेल आय७-१४७००के आहे. गेममध्ये क्रॅश होतो. विंडोजचा दोष आहे का?

बहुधा नाही. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे कमकुवत होण्याचा दोष होता. इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मदरबोर्डचा ताजा बायॉस टाका आणि 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडा. मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. त्यानंतरही क्रॅश होत असेल तर वॉरंटीत बदलून घ्या.

१८. मशिन विंडोज ११साठी पात्र नव्हतं, जुगाड करून टाकलंय. क्रॅश त्यामुळे?

शक्य आहे. टीपीएम २.० (विंडोज ११ मागते ती सुरक्षा चिप) नाही एवढ्याने मशिन कोसळत नाही. कोसळतं ते जुन्या चिपसेट आणि ग्राफिक्सला विंडोज ११चे ड्रायव्हरच नसल्यामुळे. विंडोज १०चा शेवटचा ड्रायव्हर टाकून बघा, पुष्कळदा चालतो. कोअर २ ड्युओवर मात्र प्रयत्न सोडा: २४एच२पासून लागणाऱ्या काही मूळ आज्ञा (इन्स्ट्रक्शन्स) त्या प्रोसेसरमध्ये नाहीतच. अशा मशिनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

१९. कंपनीचा लॅपटॉप आहे, घरून काम करते. हे सगळं मी करू शकते का?

प्रश्न ४मधली नोंद वाचण्यापलीकडे काही करू नका. ड्रायव्हर, बायॉस, बिटलॉकर हे कंपनीच्या आयटी विभागाच्या ताब्यात असतं आणि स्वतः बदल केल्यास मशिन लॉक होऊ शकतं. तिकिटात क्रॅशची तारीख-वेळ, पडद्यावरचा कोड, त्या वेळी व्हीपीएन किंवा डॉकिंग स्टेशन जोडलेलं होतं का, हे लिहा. हिंजवडी-खराडीच्या बाजूने येणाऱ्या तक्रारींत डॉकचं जुनं फर्मवेअर वारंवार निघतं, म्हणून एक दिवस डॉकशिवाय काम करून बघा आणि तेही कळवा.

२०. दुकानदार म्हणतो फॉरमॅटशिवाय पर्याय नाही. खरं का?

क्वचित. त्याआधी विंडोज स्वतःवरच पुन्हा टाकता येते, फाइली आणि प्रोग्रॅम राखून. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट'पुढे 'रीइन्स्टॉल नाऊ' दाबा. किंवा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ उतरवून त्यातलं सेटअप चालवा आणि 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडा. बॅकअप तरीही हवाच.

मशिन दुकानात द्यायचंच असेल, मग ते तपकीर गल्लीत असो की घराजवळ, तर रॅम आणि डिस्कच्या तपासणीचा निकाल लेखी मागा. ते न करता कुणी फॉरमॅट सुचवत असेल तर दुसऱ्या दुकानात जा. बिटलॉकरची की चिठ्ठीवर लिहून मशिनला चिकटवू नका.

२१. सगळं करून झालं. तरी आठवड्यातून एकदा क्रॅश होतोच आणि दरवेळी नवा कोड. आता?

रॅम निर्दोष ठरली असेल, तरच ड्रायव्हर व्हेरिफायर वापरा. ते संशयित ड्रायव्हरवर मुद्दाम कडक पहारा बसवतं, त्यामुळे चूक घडल्या क्षणी मशिन कोसळतं आणि डम्पमध्ये खरं नाव येतं. आधी रिस्टोअर पॉइंट बनवा. मग विंडोज-आरमध्ये 'व्हेरिफायर', 'क्रिएट स्टँडर्ड सेटिंग्ज', आणि यादीतून मायक्रोसॉफ्ट सोडून बाकी कंपन्यांचेच ड्रायव्हर निवडा. मशिन मंद होईल, ते अपेक्षित आहे. एक-दोन दिवस नेहमीचं काम करा. क्रॅश झाला की प्रश्न ४प्रमाणे डम्प वाचा.

पहारा उठवायला ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेरिफायर /रीसेट' देऊन रीस्टार्ट करा. विंडोज सुरू होतानाच कोसळू लागली, तर प्रश्न ७मधल्या रस्त्याने सेफ मोडमध्ये जाऊन हीच कमांड द्या.